अडकलेल्या खणाविषयी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. आपल्या हौशी सुतारकाम मंडळाच्या लागोपाठ दोन बैठकांना तू आली नाहीस, तेव्हा पावसामुळे घाटी चढून येणे जमले नसेल अशी मी आपली समजूत करून घेतली होती. एप्रिलमध्ये सर्वांनी वाखाणलेल्या तुझ्या सागवानी टेबलाचा खण आषाढात असा काही अडकला की तो ओढूनही बाहेर येत नाही, बँकेचे पासबुक आतच राहिले आहे, आणि आता हे बिघडलेले काम घेऊन चारचौघांत कोणत्या तोंडाने यावे असे तुला वाटते, हे खरे कारण पत्रातून कळले. कोणते यंत्र आधी घ्यावे हेही तू विचारले आहेस. त्याचे उत्तर एवढेच की यंदा कोणतेही घेऊ नकोस. बाकी सगळे पत्र त्या खणाविषयीच लिहितो आहे.

प्रथम झाले काय ते समजून घे. झाड मेले तरी लाकडाची हवेशी चाललेली देवघेव थांबत नाही. हवा कोरडी झाली की ते आपल्यातले पाणी सोडते आणि दमट झाली की परत घेते. या देवघेवीत त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही, रुंदी मात्र फुगते आणि आकसते, आणि ओंडक्याच्या वाढीच्या वर्तुळांना आडवी लागून कापलेली फळी गाभ्यापासून सालीच्या दिशेने कापलेल्या फळीच्या साधारण दुप्पट हलते. आपल्या किनाऱ्यावर एप्रिलमध्ये लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या बारा-तेरा टक्के पाणी असते. आषाढ-श्रावणात तेच प्रमाण अठरा टक्क्यांच्या पुढे जाते. तुझ्या खणाची दर्शनी फळी आठ इंच, म्हणजे सुमारे २०० मिलिमीटर उंच आहे आणि ती वखारीतून आणलेली, आडव्या कापाची आहे. एवढ्या फरकाने ती दोन मिलिमीटरहून थोडी अधिकच वाढली असणार. तू फट ठेवली होतीस एक मिलिमीटरची. शिवाय टेबलाचे पाय उभ्या रेषांचे, म्हणजे लाकडाची लांबी उभी ठेवलेले, असल्यामुळे त्यांची उंची वाढली नाही, खणाची जागा होती तेवढीच राहिली, आणि फळीला जायला वाट उरली नाही. पॉलिशचे दोन हात अधिक दिले असते तर हे टळले असते असे तू लिहितेस, ते बरोबर नाही. पॉलिशमुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो एवढेच. चार महिन्यांच्या पावसापुढे तो वेळ पुरत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. मंडळात येऊ लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मी फणसाचा एक चौरंग केला. ऐन भाद्रपदात, हवेत पाणी भरलेले असताना, अठरा इंच रुंदीची वरची फळी मी खालच्या चौकटीला चारही बाजूंनी सरस लावून आणि स्क्रू आवळून पक्की बसवली, आणि तो पिवळाधमक चौरंग मोठ्या अभिमानाने सोलापूरला भाचीच्या घरी पाठवला. फाल्गुनात तिचा निरोप आला की रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि सकाळी पाहतात तो चौरंग मधोमध उभा चिरलेला. तिकडच्या उन्हाळ्यात लाकडातले पाणी सहा-सात टक्क्यांवर येते. फळीला आकसायचे होते आणि मी तिला हलायला जागाच ठेवली नव्हती. ती गोष्ट मी वर्षभर मंडळात कोणाला सांगितली नाही. त्या वर्षात आणखी दोन चौरंग मी त्याच पद्धतीने केले, आणि तेही यथावकाश चिरले. पहिल्याच चौरंगाचे तुकडे मी बैठकीतल्या मधल्या मेजावर सर्वांसमोर आणून ठेवले असते, तर एका रविवारात जे कळले असते त्यासाठी मी फणसाच्या तीन चांगल्या फळ्या खर्ची घातल्या.

त्या मधल्या मेजाविषयी तुझा थोडा गैरसमज झालेला दिसतो. तू आलीस तेव्हा नेमके तिथे देखणे काम मांडलेले होते: कातकाम केलेली लाटणी, आणि सावंतवाडीच्या चितारआळीत पाहून आल्यावर एका सभासदाने पांगाऱ्यात कोरलेली फळे. त्यावरून ते मेज कौतुकासाठी आहे असे तुला वाटले. भातगिरणीच्या जुन्या पडवीत आपण बसायला लागलो तेव्हापासून तिथे सर्वांत जास्त वेळ मोडक्या, वाकड्या आणि चिरलेल्या वस्तूच राहिल्या आहेत. चांगल्या वस्तूभोवती माणसे दहा मिनिटे उभी राहतात आणि चहाकडे वळतात. सांध्यातून निखळलेल्या कुसवाभोवती मात्र दुपार होते. आपले मेस्त्री तर चांगल्या कामाकडे नुसती मान हलवून पुढे जातात, पण बिघडलेले काम दिसले की चष्मा पुसून खाली बसतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ह्या लाकूड खंयचा?’, म्हणजे हे लाकूड कुठले. त्याचे उत्तर तुझ्याकडे तयार असले पाहिजे. कोणत्या वखारीतून घेतले, किती दिवस घरात ठेवले, कोणत्या महिन्यात कापले आणि कोणत्या महिन्यात जोडले, हे सारे कागदावर लिहून आण. माझ्या चौरंगाच्या वेळी त्यांनी महिना विचारला, मी भाद्रपद म्हटले, आणि पुढचे काही त्यांना विचारावेच लागले नाही. मग त्यांनी स्क्रूची भोके रुंदीच्या दिशेने लांबट कशी कोरायची, म्हणजे फळी जागच्या जागी सरकू शकते, ते एका टाकाऊ तुकड्यावर करून दाखवले. डॉक्टर, शिक्षक, एसटीतले निवृत्त कारागीर असे सगळे आपल्यात आहेत आणि प्रत्येकाला बोलायची हौस आहे, त्यामुळे तुला एकाच खणावर पाच उपाय ऐकावे लागतील. ऐकून घे, पण रंधा हातात घेऊन दाखवील त्याचेच मनावर घे.

तुझ्या खणामुळे मंडळाचेही एक अडलेले काम मार्गी लागेल, म्हणून थोडे विषयांतर करतो. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले, तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बागांतून किती झाडे आडवी झाली ते तू लहानपणी पाहिले असशील. आंबा, फणस, साग ही झाडे १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत येतात, त्यामुळे आपल्या सभासदांनी आधी पंचनामे आणि वनखात्याची परवानगी यांच्या मागे धावून मगच काही ओंडके लाकूड कापायच्या गिरणीवर नेले. आंब्याच्या लाकडाला कीड फार लवकर लागते, म्हणून त्या फळ्या कापल्या कापल्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवल्या; टोकांतून पाणी भराभर जाऊन चिरा पडू नयेत म्हणून टोकांना जुना रंग फासला; आणि दोन फळ्यांमध्ये हवा खेळेल अशा पट्ट्या घालून मागच्या पडवीत त्यांची रास रचली. जाडीच्या दर इंचाला सुकायला एक वर्ष हा जुना हिशेब धरला तर दोन इंची फळ्या केव्हाच सुकल्या आहेत, पण त्या आपल्या हवेत वर्षभरात किती हलतात याची नोंद कोणी सलग ठेवलेली नाही. आरंभशूरपणात आपले मंडळ कोणाला हार जाणार नाही!

ती नोंद तू ठेवावीस असे मला वाटते. प्रत्येक राशीतून एक लहान तुकडा काप, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचे वजन कर आणि दर बैठकीला पुन्हा करत जा. त्याच फळीचा दुसरा तुकडा ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडे वर, वजन घटायचे थांबेपर्यंत सुकव. समज, कापल्या दिवशी तो ११८ ग्रॅम होता आणि सुकून १०० ग्रॅमवर थांबला, तर फळीत अठरा टक्के पाणी होते. सोबत फळीची रुंदीही मोजून ठेव. वर्षभराने ती वही तुला आणि मलाही अंदाजाऐवजी आकडा देईल. तुझ्या टेबलाचा उरलेला सागाचा तुकडा टाकून दिला नसशील तर त्याच्यापासूनच सुरुवात कर.

येत्या बैठकीचा पहिला तास नेहमीप्रमाणे धार लावण्याचा आहे. तो तुला कंटाळवाणा वाटतो हे मी ओळखून आहे, परंतु बोथट पात्याने खणाची कड तासायला गेलीस तर टोकाला ढलपी निघेल, म्हणून तो तास चुकवू नकोस. पुढे श्रावणात गणपतीआधी घरोघरच्या माटव्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटी, दुरुस्त करायच्या आहेत, आणि नवरात्रात खंडेनवमीला हत्यारे पुजून ठेवली की त्या दिवशी करवतीलाही सुट्टी असते. या दोन्ही वेळा गर्दी होते आणि शिकणे कमी होते. तुला शिकायचे तर आताचेच पावसाळी रविवार बरे. सँडर लावायचा झाला तर पडवीबाहेर आणि तोंडाला चांगला मास्क बांधूनच, हा नियम तुला ठाऊक आहे. लाकडाची बारीक धूळ नाकाच्या कर्करोगाला कारण ठरते, हे आपल्या डॉक्टरांकडून एकदा ऐकलेस म्हणजे मास्क आपोआप आठवेल.

आता खणाचे. घरी बसून त्याच्याशी झोंबू नकोस आणि पकडीने तर मुळीच ओढू नकोस, मूठ निघून हातात येईल. मागची फळी उतरवून आतून लाकडी हातोडीने हलके ठोकले की तो निघेल. निघाल्यावर वरच्या कडेवर जिथे घासल्याची चमक दिसेल तिथे खुणा कर आणि तो जेमतेम सरकेल इतकाच रंधा मार. हवेत पाणी सर्वांत जास्त असताना बसवलेला खण पुन्हा अडकत नाही. एप्रिलमध्ये वर दोनेक मिलिमीटर फट दिसेल, ती तशीच असू दे. सरकण्याच्या पट्ट्यांना मेणबत्ती घासलीस म्हणजे झाले. दाराच्या बाबतीत मेस्त्री हेच करतात: पावसात बसवायचे तर घट्ट, उन्हाळ्यात बसवायचे तर सैल.

हे सगळे तू मधल्या मेजाशी, सर्वांसमोर करावेस असे मी ठरवले आहे, आणि मेस्त्रींना तसे कळवूनही टाकले आहे. टेबल जड आहे आणि तुमच्या घरापासून रस्त्यापर्यंत पायऱ्या शेवाळल्या असतील, म्हणून शनिवारी संध्याकाळी पाऊस उघडला की आपल्यातले दोघे टेम्पो घेऊन येतील. त्यांच्यासाठी ताडपत्री आणि जुनी गोधडी काढून ठेव. पासबुकाची निकड असेल तर रविवारी अकरापर्यंत ते तुझ्या हातात येईल.

तुझा,
काका