‘प्राणज्योत मालवली’ हे माझे शब्द नाहीत

‘मैत्रिणींनी माझे लेखन सुधारून दिले, पण आता ते मला माझे वाटत नाही, माझेच काही चुकते आहे का?’ असे तरुण मुलेमुली मला अनेकदा विचारतात.

द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी वडिलांच्या निधनानंतर सात महिन्यांनी माझ्याकडे आली (तिच्या संमतीने, काही तपशील बदलून लिहीत आहे). महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी बाबांवर लिहिलेला लेख तिने तीन मैत्रिणींना वाचायला दिला होता. तो परत आला तेव्हा ‘बाबा गेले’ याच्या जागी ‘बाबांची प्राणज्योत मालवली’ असे झाले होते आणि ‘मधुमेहाच्या गोळ्या चुकवायचे म्हणून मी त्यांच्यावर चिडायचे, अजूनही चिडलेली आहे’ हे वाक्य गाळलेले होते. गेलेल्या माणसाबद्दल असे लिहू नये, असे एका मैत्रिणीने मायेनेच सांगितले होते. त्या दिवसापासून हिचे लिहिणे थांबले.

मला काळजी वाटली ती त्या गाळलेल्या वाक्याची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील क्लेशकारक घटनांविषयी लिहिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना तेव्हा अधिक उदास वाटले, परंतु पुढील महिन्यांत आजारपणासाठी त्यांचे आरोग्य केंद्रात जाणे कमी झाले. तिच्या लेखातून नेमकी भावनाच काढली गेली होती.

मूळ खर्डा जसाच्या तसा, फक्त स्वतःसाठी जपून ठेवावा, असे मी तिला सुचवले. अंकासाठीच्या प्रतीवर मैत्रिणींनी शुद्धलेखन खुशाल दुरुस्त करावे, मात्र वाक्य बदलण्याऐवजी समासात प्रश्न लिहावा, असे तिने त्यांना सांगायचे ठरले. मदत करणाऱ्यांना अटी घालणे तिला कृतघ्नपणाचे वाटत होते, आणि आमच्या दोन भेटी केवळ त्या संकोचावर बोलण्यात गेल्या.

अखेर तिने सांगितले. ज्या मैत्रिणीने ते वाक्य गाळले होते, तिनेच या वेळी त्याच्याशेजारी पेन्सिलीने लिहिले, ‘न घेतलेल्या गोळ्या ते कुठे ठेवायचे?’ तेव्हा हिला फडताळातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आठवला, ज्यात बाबा गोळ्यांच्या न फोडलेल्या स्ट्रिप दडवून ठेवत असत. पुढच्या भेटीत तिने त्या डब्यावरचा परिच्छेद मला वाचून दाखवला आणि बऱ्याच दिवसांनी ती माझ्यासमोर रडली.