युरोपात कोरोना इतक्या झपाट्याने कसा पसरला?

युरोपातील पहिले रुग्ण २४ जानेवारी २०२० रोजी फ्रान्समध्ये नोंदले गेले. मात्र विषाणू किती आत शिरला आहे हे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, उत्तर इटलीतील कोदोन्यो या लहानशा गावी चीनला न गेलेला एक रुग्ण आढळला, तेव्हा ध्यानात आले. लक्षणे दिसण्याआधीच संसर्ग होत असल्याने केवळ ताप तपासून तो रोखणे शक्य नव्हते. ऑस्ट्रियातील इशगल येथे स्कीइंगसाठी आलेले पर्यटक दाटीवाटीच्या बारमधून विषाणू घेऊन जर्मनी, डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँडपर्यंत परतले. शेंगेनच्या, म्हणजे आपसांत सीमेवर पासपोर्ट तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, खुल्या सीमांना सरसकट दोष दिला जातो, तो मला अर्धाच पटतो. मार्चमध्ये त्या बंद होऊ लागल्या तेव्हा स्थानिक फैलाव सर्वत्र सुरू झालेला होता.