कार्बन आयन रेडिओथेरपी सुरक्षित आहे का, आणि ती खरंच जास्त गुणकारी आहे का?

तुमच्या वडिलांना त्रिकास्थीत, म्हणजे कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या हाडात, कॉर्डोमा (हाडातली कॅन्सरची एक दुर्मिळ गाठ) आहे, ऑपरेशन अवघड आहे आणि डॉक्टरांनी कार्बन आयनचं, म्हणजे कार्बनच्या वेगवान विद्युतभारित कणांच्या रेडिओथेरपीचं, नाव काढलंय. हा प्रयोग तर नाही ना, अशी तुमची शंका. मी रेडिओथेरपीत फिजिसिस्ट आहे, पण रोजचं काम एक्स-रेच्या मशीनवर. कार्बनचं मशीन मी स्वतः चालवलेलं नाही, हे धरून वाचा.

नवी म्हणाल तर नाही. जपानमध्ये चिबा इथे १९९४ पासून, जर्मनीत हायडेलबर्गला २००९ पासून हे उपचार चालू आहेत.

एक्स-रे शरीरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत वाटेत सगळीकडे डोस सांडत जातात. कार्बन आयन वाटेत हात राखून असतो आणि जिथे थांबतो तिथे जवळचं सगळं रितं करतो. रेडिओथेरपीत वापरला जाणारा दुसरा कण, प्रोटॉन, तोही असाच थांबतो; पण कार्बनचा घाव जबर. डीएनएचे दोन्ही धागे तुटतात, पेशीला सांधणं जमत नाही. तेवढ्याच डोसमध्ये परिणाम एक्स-रेच्या साधारण दोन-तीन पट. म्हणून एक्स-रेला दाद न देणाऱ्या कॉर्डोमासारख्या गाठींसाठी तो वापरतात.

आकडाच हवा असेल तर, जपानमधल्या चिबाच्याच केंद्रातल्या त्रिकास्थीच्या कॉर्डोमाच्या १८८ रुग्णांत पाच वर्षांनी सुमारे ७७ टक्क्यांची गाठ त्या जागी आटोक्यात होती, ८१ टक्के हयात होते. ऑपरेशन न करता हे खूप चांगलं आहे. मात्र या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता. समोरासमोर तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या एकूणच कमी आहेत, आणि एक्स-रेला दाद देणाऱ्या गाठींसाठी कुणी कार्बनचा आग्रह धरला तर मी तरी पटकन मान डोलावणार नाही. कॅन्सर अंगभर पसरला असेल तर फक्त एका जागी मारणारं हे हत्यार अपुरंच.

आता धोका. जो घाव गाठीला, तोच चुकला तर आतड्याला. म्हणून सगळा जीव मिलिमीटरमध्ये. प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून अंगावर बसवतात, गार झाली की साचा तयार. रोज त्यात झोपवून जागा जुळवण्यातच बराच वेळ जातो. बीम, म्हणजे कणांचा झोत, असतो मिनिटभर-दोन मिनिटं. एक्स-रेच्या पेशंटसारखंच, "झालं? काहीच कळलं नाही," असं वडील म्हणतील. वायूने आतडं फुगलं तरी बीम थांबण्याची जागा सरकू शकते.

त्वचा लाल होणं, सोलणं लगेच दिसतं. मला जास्त काळजी उशिरा येणाऱ्या त्रासाची वाटते: पायात मुंग्या, वेदना, कमजोरी, कारण तिथल्या नसा गाठीला चिकटूनच असतात. कधी ते हाडही पिचतं. हे महिन्यांनी, वर्षांनीही होतं.

डॉक्टरांना एवढं विचाराच: गाठ आणि आतडं यांत अंतर किती? फार कमी असेल तर मध्ये स्पेसर, म्हणजे दोघांत अंतर ठेवणारी वस्तू, बसवायचं छोटं ऑपरेशन आधी करतात. आणि वडिलांनी त्या जागी पूर्वी कधी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतला असेल तर ती जुनी फाइल सोबत न्या.