वारा सुटला की झोप उडते : मन आणि मेंदूविषयी वाचकांचे प्रश्न

(पत्रं लांब होती, म्हणून सारांश दिला आहे. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.)

श्रीवर्धनहून एक वाचक : ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात आमच्या घराचे पत्रे उडाले, सुपारीची वाडी आडवी झाली. त्या वेळी आई घरात एकटी होती. आता वर स्लॅब आहे. तरी पावसाळ्यात वारा घुमायला लागला की आई माजघरात जाऊन बसते, रात्रभर जागते, सारखं मोबाइलवर हवामान बघायला लावते. घर पक्कं आहे हे तिला पटतं, पण भीती जात नाही. ते वादळ विसरण्याचा काही उपाय आहे का?

उत्तर : विसरण्याचा नाही, आणि त्याची गरजही नाही.

भीती शिकण्यात मेंदूतल्या अमिग्डला या भागाचा मोठा वाटा असतो. कानशिलांच्या आत दोन्ही बाजूंना एकेक, बदामाच्या आकाराचा. वाऱ्याचा आवाज आणि डोक्यावरचं छप्पर जाणं यांची गाठ त्या दुपारी एकदाच बसली आणि पक्की बसली. ‘आता स्लॅब आहे’ हे आईंना समजतं, पण आवाज कानावर पडला की छातीतली धडधड त्या समजुतीसाठी थांबत नाही. त्यामुळे ‘कशाला घाबरतेस’ हे वाक्य फुकट जातं, वर आईंना ओशाळं वाटतं ते वेगळंच.

अशी गाठ पुसली जात नाही, हे पावलॉव या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांनीच दाखवलं होतं. ठरावीक खुणेनंतर खाणं मिळतं हे शिकलेल्या कुत्र्यांना नुसत्या खुणेनेच लाळ सुटे. खुणेनंतर खाणं देणं बंद केलं की लाळ सुटायची थांबे, पण मध्ये काही वेळ गेला की त्याच खुणेला पुन्हा लाळ येई. जुनं शिकणं तसंच होतं, नवं त्याच्या शेजारी येऊन बसलं होतं. आईंच्या बाबतीतही ‘वारा म्हणजे छप्पर जाणार’ याच्या शेजारी ‘वारा म्हणजे नुसता वारा’ हे शिकणं उभं करायचं आहे. ते आजवर का झालं नाही? कारण दर वेळी त्या माजघरात जातात, वारा पडतो, आणि मेंदू सुटकेचं श्रेय माजघराला देतो. बाहेर बसलं असतं तरी काही झालं नसतं, हे कळायची संधीच मिळत नाही.

आधी खरी डागडुजी एकदाच करून घ्या : पडवीचे सैल पत्रे, खिडक्यांच्या कड्या, घरावर झुकलेला माड. मग आईंबरोबर बसून आठ-दहा प्रसंगांची यादी करा आणि प्रत्येकाला भीतीचे शून्य ते शंभर गुण द्यायला सांगा. उदाहरणार्थ, दिवसा मोबाइलवर वाऱ्याचं रेकॉर्डिंग हळू आवाजात ऐकणं २०, तेच मोठ्याने ५०, साध्या पावसाळी वाऱ्यात पडवीत बसणं ६०, वारं असताना हवामान न बघता आपल्या खोलीत झोपणं ८५. सुरुवात खालून करायची, आठवड्यातून चार-पाच दिवस, एका वेळी अर्धा तास. बसण्याआधी आईंनी एक ओळ लिहायची : ‘मला वाटतं, दहा मिनिटांत पत्रा वाजेल आणि मला चक्कर येईल.’ उठल्यावर दुसरी : प्रत्यक्षात काय झालं. या दोन ओळींतली तफावत हेच औषध. भीती शून्यावर येईपर्यंत बसायला हवं असं नाही. पूर्वी तसा आग्रह असे, आता भर अंदाज खोटा ठरण्यावर असतो.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. भीती ऐन भरात असताना उठून गेलात, तर सुटकेचा धडा आणखी पक्का होतो. दर वेळी मुलगा हात धरून बसला, तर श्रेय मुलाला जातं. म्हणून पहिल्या काही बैठकांनंतर त्याने बाजूच्या खोलीत, मग शेजाऱ्यांकडे जावं. आणि सगळा सराव एकाच पडवीत झाला, तर शिकणं त्या पडवीपुरतं राहतं. तेव्हा मावशीच्या घरी, एस.टी.च्या थांब्यावर, संध्याकाळी, रात्री असं फिरवत राहा. डॉक्टरांनी झोपेची किंवा धास्तीची गोळी दिली असेल तर ती मनाने बंद करू नका. पण सरावाच्या वेळी गुंगी असेल तर शिकणं कमी होतं, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी सराव नाही. त्या दिवशी भीती बरोबर असते. आणि वादळ डोळ्यांसमोर पुन्हा घडतंय असं वाटणं, रोज तीच स्वप्नं पडणं, घराबाहेर पडणंच थांबणं असं असेल, तर हा घरगुती कार्यक्रम पुरायचा नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. तिथून पुढची वाट विचारा.

राजापूरहून एक आई : मुलगा दहावीत आहे. रोज चार तास मोठ्याने वाचतो, ओळीच्या ओळी पिवळ्या करतो. रात्री विचारलं की सगळं येतं, आठवड्याने चाचणीत पाटी कोरी. बदाम, ब्राह्मी सुरू करू का?

उत्तर : बदाम चवीला चांगले लागतात, तेवढ्यासाठी द्या. मुलगा कष्टात कमी नाही, पद्धत चुकते आहे.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी तो उतारा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के, आठवणारे ७५. आठवड्याने पारडं फिरलं : वाचणारे ४२, आठवणारे ५६. तुमच्या घरी रात्री ‘सगळं येतं’ आणि आठवड्याने ‘काही नाही’, ते हेच. पुन्हापुन्हा वाचलेली ओळ ओळखीची वाटते, आणि ओळख म्हणजे येणं असा समज होतो.

बदल असा करा. विज्ञानाचा एक मुद्दा दहा-बारा मिनिटं वाचायचा. पुस्तक बंद. रफ वहीत पाच मिनिटं जे आठवेल ते लिहायचं, आकृतीसकट. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी त्याच मुद्द्यावर कोऱ्या पानावर पुन्हा आठवायचं, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. दर वेळी लाल शाई कमी व्हायला हवी. दुसऱ्याच सेकंदाला पुस्तकात डोकावलं तर मेहनत वाया. निदान अर्धा मिनिट अडून राहू द्या. ‘मनात म्हटलं’ चालणार नाही, कागदावर उतरलं पाहिजे. आणि तपासणं टाळलं तर चुकलेलं उत्तरच पाठ होतं.

गणितात आणखी एक. वर्गसमीकरणांची वीस उदाहरणं सलग सोडवली की रीत आधीच ठाऊक असते. परीक्षेत मात्र हे वर्गसमीकरण आहे की अंकगणित श्रेढी, हे ओळखण्यापासून सुरुवात असते. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात प्रकार मिसळून सराव करणारे सरावाच्या वेळी जास्त चुकले, पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत त्यांना ६३ टक्के मिळाले आणि सलग सराव करणाऱ्यांना २०. सरावात चुका वाढल्या म्हणून घाबरून जुन्या पद्धतीकडे वळू नका.

मोठ्याने वाचणं अगदीच टाकाऊ नाही. पाढे, कविता, व्याख्या यांना ते बरं. पण चार तास? दोन पुरे, आणि उरलेल्या वेळात त्याला झोपू द्या. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं.

हर्णै बंदरावरून एक खलाशी : बोटीवर तांडेल तंबाखू खाऊ देत नाही. चार-पाच दिवस दर्यावर काढतो, शेवटी शेवटी आठवणही येत नाही. पण बोट लागली की पहिल्या टपरीवर पुडी फुटते. माझी इच्छाशक्ती कमी आहे काय?

उत्तर : नाही. निकोटिन सोडल्यावरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. तो तुम्ही प्रत्येक फेरीला दर्यावर काढता. सर्वांत अवघड भाग उरकून किनाऱ्याला येता आणि तिथे ढासळता, कारण तलफ टपरीशी, मासळी उतरवून झाल्यावरच्या मोकळ्या वेळेशी, त्याच चार माणसांशी बांधलेली आहे.

ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास केला. तिथे हेरॉइनचं व्यसन लागलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झालेले फारच थोडे निघाले. जागा बदलली, खुणा सुटल्या. तुमच्या बाबतीत मोकळी जागा दर्या आहे आणि खुणा किनाऱ्यावर आहेत.

म्हणून ‘आता खायची नाही’ अशी शपथ घेऊ नका. बोटीवर असतानाच अमुक झालं की तमुक करीन, असं ठरवा : ‘शेवटची पाटी उतरली की मी टपरीच्या बाजूने न जाता बर्फाच्या गाडीमागून थेट घरी जाईन.’ ‘कोणी पुडी पुढे केली की म्हणेन, डॉक्टरांनी बंद केलीय, आणि चहा सांगेन.’ गोलविट्झर आणि शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ अभ्यासांची एकत्र छाननी केली. नुसत्या निश्चयापेक्षा असं बांधून घेतलेलं चांगलंच टिकतं. हिशेबाचे पैसे पहिले दोन आठवडे घरच्यांनीच घ्यावेत. खिशात सुटे नसले की मधली पाच मिनिटं मिळतात, आणि तलफेची एक लाट साधारण तेवढ्यात ओसरते.

‘मन दमतं आणि ताबा सुटतो’ हे तुम्ही ऐकलं असेल. १९९८ च्या एका प्रसिद्ध प्रयोगातून आलेली ही कल्पना २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांवर लोकांवर तपासली, परिणाम जवळपास शून्य आला. दमलो म्हणून खाल्ली, ही सबब सोडा.

निकोटिनचं च्युइंगम घेणार असाल तर साध्या गमसारखं चघळू नका. हळू चावायचं, झणझणलं की गालात धरून ठेवायचं, झणझण गेली की पुन्हा; एक गम अर्धा तास. भराभर चावून थुंकी गिळली की उचकी आणि छातीत जळजळ ठरलेली. चहा घेतल्यावर पंधरा मिनिटं गम नको, तोंडात आंबटपणा असला की निकोटिन शोषलं जात नाही. किती ताकदीचं घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६, मोफत.

देवगडहून एक आजोबा : पाच वर्षांच्या नातीला अढी उघडेपर्यंत दम निघत नाही, गवतात हात घालून कच्चाच आंबा दाबते. लहानपणी थांबू न शकणारी मुलं पुढे मागे पडतात म्हणे?

उत्तर : वॉल्टर मिशेल यांच्या मार्शमॅलोच्या प्रयोगाचा हा बोलबाला. मार्शमॅलो ही मऊ मिठाई : लगेच खाल्ली तर एक, थांबलं तर दोन, असं मुलांना सांगितलं होतं. २०१८ मध्ये नऊशेच्या आसपास मुलांची माहिती पाहिली तेव्हा तो संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती धरली की बराचसा उरलाच नाही. २०१३ मधला सेलेस्ट किड यांचा प्रयोग आजोबांनी जास्त मनावर घ्यावा. मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळला त्या गटातली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, मोडला त्या गटातली तीन. ‘शनिवारी उघडू’ म्हणालात तर शनिवारी उघडा.

वेंगुर्ल्याहून : वडील ७८ वर्षांचे. चाळीस वर्षांपूर्वीच्या दशावतारात संकासूर कोण होता ते सांगतात, सकाळी पेज घेतली का ते आठवत नाही. हे वयाचंच ना?

उत्तर : कधीतरी विसरणं वयाचं असू शकतं, रोज असेल तर तपासा. नवी आठवण जमा व्हायला हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. १९५३ मध्ये शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंचा तो भाग काढलेल्या हेन्री मोलेसन यांना लहानपण आठवत होतं, दहा मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस नाही. डॉक्टरांकडे बी-१२, थायरॉइड, ऐकू येणं आणि मन उदास आहे का, एवढं आधी बघून घ्या. यातलं बरंचसं सुधारण्यासारखं असतं. जाताना चालू औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांसकट. आणि गोंधळ दोन-चार दिवसांतच सुरू झाला असेल, ताप असेल, बोलणं अडखळत असेल, तर तपासणीची तारीख बघत बसू नका, आजच रुग्णालय गाठा.