एखादा सेन्सर चुकला, तर वीज नेमकी कुठे पडली हे कसे ठरते?
यवतमाळकडे डवरणीच्या दिवसांत मोबाइलवर वीज कुठे पडते ते नकाशावर ठिपक्यांनी दाखवणारे ‘दामिनी’ ॲप पाहणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न पडणे रास्तच आहे. विजेतून निघालेली रेडिओ लहर निरनिराळ्या ठिकाणी बसवलेल्या सेन्सरांवर कोणत्या क्षणी पोहोचली, त्या वेळांच्या फरकांवरून जागा काढली जाते. ही लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जात असल्याने एखादे घड्याळ १० मायक्रोसेकंदांनी चुकले, तरी अंतरात ३ किलोमीटरची तफावत पडते. लहर सहा-सात ठिकाणी नोंदली गेली असेल, तर काढलेल्या जागेशी न जुळणारी वेळ वगळून, किंवा तिला कमी महत्त्व देऊन, गणित पुन्हा मांडता येते. नोंदी तीनच असतील, तर मात्र ताळा करायला काहीच उरत नाही, आणि अशा ठिपक्यावर विसंबून धुऱ्यावरच्या झाडाखाली थांबणे जिवावर बेतू शकते.