आजींचा भूकंप आणि चार मिनिटांचा व्हिडिओ

पाटण तालुक्यातल्या एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगी कराडला अकरावी सायन्सला आहे, विषय पीसीएमबी. रोज रात्री जेवणं झाली की मोबाइल घेऊन बसते आणि दोन-तीन तास अंतराळ, ग्रह, ज्वालामुखी, भूकंप यांचे व्हिडिओ बघते. कधी ‘नासात जाणार’ म्हणते, कधी ‘जिऑलॉजी करणार’, आणि अलीकडे ‘स्वतःचं चॅनल काढणार’. पहिल्या चाचणीत फिजिक्सला ५० पैकी २२ पडले. वडिलांचा आग्रह इंजिनिअरिंगचा. ‘दगड गोळा करून पोट भरतं का?’ असं ते विचारतात. आईंचा प्रश्न सरळ आहे: मोबाइल काढून घ्यावा का? पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘तिने आजीचा एक व्हिडिओ केला आहे, तोही पाठवते.’

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि व्हिडिओ तीनदा पाहिला. मोबाइल काढून घेऊ नका. रात्री साडेदहानंतर तो तुमच्या उशाशी राहील एवढं मात्र ठरवा, कारण झोप मोडून बघितलेलं काही डोक्यात राहत नाही.

तुम्ही सहज लिहिलेली शेवटची ओळ मला सगळ्या पत्रात महत्त्वाची वाटली. आजी चुलीपुढे बसून ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगतात. उतरंड कोसळली, गोठ्यात म्हशीनं दावं तोडलं, आणि पुढचे कित्येक दिवस सगळा गाव कडाक्याच्या थंडीत खळ्यावर झोपला. मग लेकीचा आवाज येतो. वहीच्या पानावर तिनं पेननं कोयनेचं धरण काढलंय, त्याखाली खडकाचे थर दाखवलेत, आणि तो भूकंप ६.३ रिश्टरचा होता, हे तिला पाठ आहे. इतकी वर्षं या कामात आहे. असे व्हिडिओ तासन्‌तास बघणारी मुलं मला दर आठवड्याला भेटतात. बघून झाल्यावर उठून स्वतःच्या आजीपुढे मोबाइल धरणारी फार थोडी. म्हणून तुमच्या मुलीची आवड वरवरची नाही, हे मी खात्रीनं सांगते.

आता त्याच व्हिडिओतली एक चूक. ती म्हणते, ‘धरणातल्या पाण्याच्या वजनानं जमीन खचली आणि भूकंप झाला.’ असं बरेच जण म्हणतात, पण घडतं ते वेगळं. तिथल्या खडकांत जुने तडे आहेत आणि ते आधीपासूनच ताणाखाली आहेत. १९६२ पासून जलाशय भरायला लागला तसं पाणी भेगांमधून खोल झिरपलं. तड्यांतल्या पाण्याचा दाब वाढला की दोन्ही बाजूंच्या खडकांनी एकमेकांना धरून ठेवलेली पकड सैल होते आणि साठलेला ताण एकदम सुटतो. पाण्याच्या वजनाचाही वाटा असतो, पण तेवढ्यावर काम भागत नाही. भूकंपाची तयारी जमिनीतच होती, पाण्यानं तो लवकर ओढवून आणला. या फरकावर शास्त्रज्ञांनी आयुष्यं घातली आहेत. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी याच कामासाठी तुमच्या कराडलाच आहे. कोयना परिसरात गोठणे इथं त्यांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. वरचा साधारण सव्वा किलोमीटर आपला काळा कातळ, बेसॉल्ट, आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा कितीतरी जुना खडक लागला. लेक आइसलँडच्या ज्वालामुखीचे व्हिडिओ बघते, आणि ती ज्या गावात कॉलेजला जाते त्याच गावात हे काम चालतं. कॉलेजच्या लेटरहेडवर, फिजिक्सच्या सरांच्या सहीनं, दहा-बारा मुलांना भेट देता येईल का असं विचारणारं पत्र पाठवायला लावा. पत्राचा मसुदा तिनंच लिहावा.

पुढचा भाग तिला वाचायला द्या.

बाळा, फिजिक्सच्या त्या २२ मार्कांचं आणि तुझ्या व्हिडिओंचं नातं आहे. चांगला व्हिडिओ इतका गुळगुळीत असतो की बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं. कुठे अडखळावं लागत नाही. परीक्षेत कोरा कागद समोर आला की लक्षात येतं, कळलं होतं ते सांगणाऱ्याला, आपण नुसती मान डोलावत होतो. यावर उपाय व्हिडिओ बंद करणं नाही. शेजारी वही ठेवणं हा उपाय आहे. कसं ते एका व्हिडिओवर करून दाखवते.

२ ऑगस्ट १९७१. अपोलो १५ चे कमांडर डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभे आहेत. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस. ते दोन्ही एकदम सोडतात आणि हवाच नसल्यामुळे दोन्ही एकदमच खाली टेकतात. नासाचा हा व्हिडिओ सहज सापडतो, एक मिनिटाचासुद्धा नाही. तू तो बघितला असशील, वा म्हणाली असशील आणि पुढच्या व्हिडिओवर गेली असशील. आता परत लाव. हातोडा हातातून सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा वेळ मोज. दहा वेळा मोज आणि सरासरी काढ. उंची साधारण १.६ मीटर धर. तुझ्या पुस्तकातलं सूत्र आहे: उंची म्हणजे g गुणिले वेळेचा वर्ग, भागिले दोन. वेळ १.४ सेकंद आली तर g येतो १.६३, म्हणजे चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाचा आकडा जवळपास बरोबर. १.३ सेकंद आली तर तोच आकडा १.८९ होतो. बोट एक दशांश सेकंद आधी पडलं आणि चंद्र इतका जड झाला! का झाला? कारण सूत्रात वेळेचा वर्ग आहे. मग चूक कमी कशी करायची? व्हिडिओचा वेग कमी करून? फ्रेमा मोजून? हे प्रश्न वहीत आले की तू प्रेक्षक राहिली नाहीस. पन्नास वर्षांपूर्वीचा चंद्रावरचा प्रयोग तू पाटणला बसून पुन्हा मोजलास. आठवड्याला असे दोनच व्हिडिओ कर, पण वहीसकट. पुढच्या चाचणीतले मार्क मला कळव.

आणखी एक सवय लाव. बघताना दर वेळी विचार, हे खरं टिपलेलं चित्र आहे की काढलेलं? २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रयान-३ उतरलं, तेव्हा आपण सगळे श्वास रोखून पडद्याकडे बघत होतो. पडद्यावर विक्रम या लँडरची उंची दाखवणारी आलेखाची रेघ होती, येणारे आकडे होते आणि संगणकावर बनवलेलं चित्र होतं. उतरताना विक्रमच्या कॅमेऱ्यानं खरंच काय पाहिलं, तो व्हिडिओ इस्रोनं नंतर दिला. त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आलेखाची रेघ शून्याला टेकली म्हणून. आकडे वाचता आले की आलेखसुद्धा गलबलून टाकतो. आज कुणीही संगणकाकडून मंगळावरचं वादळ बनवून घेतं आणि खरं म्हणून चिकटवतं. स्रोत दिलेला नसेल तर तो व्हिडिओ सोडून दे.

ताई, आता करिअरचं. ती एकदा नासा म्हणते, एकदा जिऑलॉजी, एकदा चॅनल, म्हणून तुम्हाला ती धरसोड वाटते. मला तसं वाटत नाही. एकाच व्हिडिओत ही तिन्ही कामं असतात आणि तिला अजून ती वेगळी दिसत नाहीत. निसारचंच घ्या. नासा आणि इस्रोचा हा एकत्र उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याची १२ मीटर व्यासाची जाळीदार अँटेना घडी घालून वर नेली आणि अवकाशात छत्रीसारखी उघडली. त्याचं रडार रात्रीही बघतं आणि ढगांच्या आरपारही बघतं. दर १२ दिवसांत पृथ्वीवरची जवळपास सगळी जमीन दोनदा पालथी घालतं आणि ती सेंटीमीटरभर हलली तरी टिपतं. सह्याद्रीत चार महिने डोंगर ढगात असतात आणि दरडी नेमक्या तेव्हाच कोसळतात. माळीण आणि इर्शाळवाडी आपण विसरलेलो नाही. अशा ठिकाणी या नजरेचं मोल काय, ते तुम्हा डोंगरकपारीत राहणाऱ्यांना मी सांगायला नको.

निसारवरचा एखादा व्हिडिओ तिच्यासोबत बसून बघा आणि तिचा डोळा कुठे अडकतो ते पाहा. छत्री उघडते कशी, तिथे ती थांबली, तर तिचा कल यंत्राकडे आहे. तेव्हा वडिलांचं इंजिनिअरिंग आणि तिचं अंतराळ यांत भांडणच उरत नाही. तिरुअनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश विभागाची संस्था आहे, तिथला बीटेकचा प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर होतो. तिथे जमलं नाही तरी मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरची पदवी साध्या कॉलेजातून चांगल्या मार्कांनी घेऊन इस्रोच्या भरतीला बसता येतं. पण गणित आवडायला हवं, निदान त्याची भीती गेलेली हवी.

जमीन का सरकते, तिथे ती अडकली, तर रस्ता पृथ्वी विज्ञानाचा. आजींचा व्हिडिओ पाहून मला हीच शक्यता जास्त वाटते. बारावीनंतर आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांच्या आयएटी परीक्षेला बसवा. त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी या चारही विषयांचे सारखेच प्रश्न असतात, म्हणजे पीसीएमबी घेतल्याचा तिला फायदाच. पुण्याच्या आयसरमध्ये पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचा विभाग आहे. तिथे नंबर लागला नाही म्हणून रडायचं कारण नाही. पुण्याचं फर्ग्युसन, मुंबईचं झेविअर्स इथे बीएस्सी जिऑलॉजी करता येतं. पुढे आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम ही परीक्षा आहे आणि तिचा जिऑलॉजीचा पेपर वेगळा असतो.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते, कारण तो प्रश्न चुकीचा नाही. घरात पैसा मोजूनमापून येतो तेव्हा बापानं हे विचारायलाच हवं. दादा, १८५१ पासून चालत आलेलं जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया आहे. तिथे एमएस्सीनंतर यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून क्लास वन अधिकारी घेतात. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत भूवैज्ञानिक असतात. बोगदा, धरण, मेट्रो, खाण यांतलं कुठलंही काम दगड वाचणाऱ्या माणसाशिवाय सुरू होत नाही. गावात बोअर मारायच्या आधी आपण पाणाड्याला नारळ देतो. तुमची मुलगी तिथे उपकरण लावून, खाली खडक कसा आहे हे बघून सांगेल. जागा कमी निघतात हे खरं आहे, ते लपवत नाही. पण तयारीनं बसणारेही इंजिनिअरिंगच्या मानानं कमी असतात.

नासाबद्दल दोन वाक्यं. तिथे थेट सरकारी नोकरीला सहसा अमेरिकन नागरिकत्व लागतं, त्यामुळे अकरावीत ते ध्येय धरून कुठल्याही महागड्या ‘नासा टूर’ला पैसे भरू नका. एका पालकांनी दागिने गहाण ठेवून मुलाला तशा सहलीला पाठवलं होतं. हाती एक टोपी आणि एक प्रमाणपत्र आलं, आणि प्रवेशाच्या वेळी ते कुणी पाहिलंसुद्धा नाही. त्यापेक्षा २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला घेऊन जा. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली जीएमआरटी दुर्बीण तिथे आहे. त्या दिवसांत लोकांसाठी ती खुली ठेवतात आणि शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून मराठीत समजावतात. एसटीच्या भाड्यात आयुष्यभर पुरेल असं काहीतरी बघून होईल.

राहिलं चॅनल. ते तिनं काढावं असं मला मनापासून वाटतं, फक्त त्यावर पोट अवलंबून ठेवू नये. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघणं लागतं, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना ते खातं पालकांच्या नावानं काढावं लागतं. तेवढ्यासाठी दर दोन दिवसांनी ‘पृथ्वी उद्या संपणार’ छापाचे मथळे द्यायची वेळ येते, आणि त्यात विज्ञानाचं वाटोळं होतं. तिला सांगण्याचंच काम आवडत असेल तर त्यालाही शिक्षण आहे. यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन बारावीनंतर आयआयटी मुंबईच्या डिझाइन शाखेत जाता येतं. किंवा आधी विज्ञानात पदवी घेऊन मग चित्रपट, ॲनिमेशन किंवा पत्रकारितेकडे वळता येतं. मी दुसरी वाट सुचवते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्तांनी काडेपेट्या, सायकलच्या नळ्या, स्ट्रॉ यांपासून केलेल्या खेळण्यांच्या छोट्या फिल्म्स तिनं बघाव्यात. अनेक भाषांत आहेत, मराठीतही आहेत. भपका काहीच नाही, पण त्यांना विज्ञान आतून माहीत आहे, म्हणून एका मिनिटात गोष्ट पोहोचते. आपल्या डोंगराबद्दल, आपल्या भूकंपाबद्दल आपल्या बोलीत नीट सांगणारे व्हिडिओ फार कमी आहेत. ही जागा भरायला माणसं हवी आहेत, आणि ती लवकर हवी आहेत.

व्हिडिओ करताना दुसऱ्यांच्या चॅनलवरचे तुकडे उचलू नकोस म्हणावं, कॉपीराइटचा स्ट्राइक येतो. नासाची बहुतेक छायाचित्रं आणि फिल्म्स शिक्षणासाठी मोकळ्या आहेत, खाली श्रेय लिहिलं की झालं. आपल्या गावाचं उपग्रहातून दिसणारं चित्र हवं असेल तर इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ आहे. कोयनेचा शिवसागर जलाशय त्यावर स्वच्छ दिसतो.

तेव्हा पहिलं काम असं. कोयनेचा व्हिडिओ तिनं पुन्हा करावा. पाण्यानं पकडीत काय फरक पडतो ते बघायला ओल्या आणि कोरड्या विटा एकमेकींवर सरकवून पाहाव्यात. हे उदाहरण नेमकं कुठे लागू पडतं आणि कुठे पडत नाही, ते फिजिक्सच्या सरांना विचारावं आणि व्हिडिओत तेही सांगावं. झाला की मला पाठवा, मी वाट बघते. लांबी कमी करायची झाली तर तिचं स्वतःचं बोलणं कमी करा. आजी म्हशीच्या दाव्याबद्दल सांगतात, तो भाग मात्र कापू नका.