घानामधील मोले राष्ट्रीय उद्यानासाठी तीन दिवस काढणे योग्य ठरेल का?

कामानिमित्त घानाची राजधानी अक्राला जाणार असल्याने तीन दिवस मोलेसाठी काढावेत का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘अवश्य काढावेत’ असेच आहे. मात्र सिंह पाहण्याच्या आशेने जाऊ नये, कारण तेथे तो क्वचितच दिसतो. मोलेला जायचे ते हत्तींसाठी, आणि तेही पायी.

ताडोबात आपण जिप्सीतून खाली पाय ठेवू शकत नाही. मोलेत मात्र बंदूकधारी वनरक्षकाबरोबर सकाळी दोन-अडीच तास जंगलात चालता येते. अक्रात नोकरीला असताना मी दोनदा गेलो. ऑक्टोबरात गवत डोक्याहून उंच होते आणि फांद्या मोडल्याचे आवाज ऐकूनच परतावे लागले. फेब्रुवारीत मात्र पाणी आटल्यामुळे कड्याखालच्या पाणवठ्यावर पाच हत्ती आले. वनरक्षकाने आधी मूठभर धूळ उडवून वारा कोणीकडे वाहतो ते पाहिले, मग आम्हाला एका झाडाआड उभे केले. सुमारे 50 मीटरवरून त्यांच्या पाठीवरून ओघळणारा चिखल आणि सोंडेने पाणी ओढल्याचा आवाज स्पष्ट जाणवत होता. त्या वेळी कोणीही कॅमेरा वर केला नाही. पुढच्या गुडघ्यांवर टेकून चरणारी रानडुकरे, कॉब हरणांचे कळप आणि बबून माकडे तर निवासाच्या अंगणापर्यंत येतात. म्हणून जानेवारी ते मार्च हाच काळ निवडावा; सहाराकडून येणाऱ्या कोरड्या हरमाटन वाऱ्याची धूळ आणि दुपारचे कडक ऊन सोसावे लागेल, तरी ते सोसण्याजोगे आहे.

अक्राहून उत्तर घानातील तमाले शहरापर्यंत तासाभराचे विमान आणि पुढे मोटारीने साधारण तीन तास, असा प्रवास पडतो. अक्राहून रस्त्याने गेल्यास पूर्ण दिवस मोडतो. प्रवेशद्वाराजवळील लाराबांगा गावात माती आणि लाकडाची, पांढरीशुभ्र, शतकानुशतके जुनी मशीद आहे, तीही पाहून घ्यावी.

पायात बंद बूट हवेत. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान 10 दिवस घ्यावी; तिच्या प्रमाणपत्राशिवाय घानात प्रवेश मिळत नाही आणि परतताना भारतातही 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हिवतापाच्या गोळ्यांविषयीही त्याच वेळी डॉक्टरांना विचारावे.